बर्गर खायला गँग निघाली की...

आज कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटवरच्या पुण्याच्या जुन्या ‘बर्गर किंग’मध्ये बर्गर. याच नावाची अमेरिकन साखळी भारतात 2014 साली आली, त्याच्या कितीतरी आधीपासून पुणेकर इथे येतात. नावावरून 2011 मध्ये त्या अमेरिकन कंपनीने केलेला दावा पुण्याच्या न्यायालयाने 2024 मध्ये फेटाळला, मग प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ते असो, मुद्दा खाण्याचा.

घोळक्याने गेलात तर सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. फोटो निघेपर्यंत, वाटावाटी होईपर्यंत खालचा पाव लिबलिबीत होतो. गरम पॅटीची वाफ, वितळलेलं चीज आणि मेयोनीज, सगळं खालीच मुरतं. वरचा पाव जाड असतो, म्हणून बर्गर उलटा धरा. अंगठे आणि करंगळ्या खाली, बाकी बोटं वर. मागून सारण घसरत नाही, खरंच. दोघांत एक घ्यायचा तर अर्धा कापूनच मागवा. एकाने चावलेला बर्गर नंतर सुरीखाली फुटतो.

फ्राईज आधी संपवा. आतला ओलावा बाहेर येऊन पाच-सात मिनिटांत कुरकुरीतपणा जातो. पार्सल असेल तर कागद थोडा उघडा ठेवा, आणि सॉस वेगळा मागा.