करलं

"आई, बघ, मी घर करलं!"

ठोकळ्यांचा मनोरा कलायला लागला होता आणि नील तो दोन्ही हातांनी धरून उभा होता. वय दोन वर्षं आठ महिने. मी मुद्रितशोधनाचं काम करते, दिवसभर लोकांच्या वाक्यांतल्या चुका काढते. "केलं म्हण" हे अगदी ओठांवर आलं होतं, पण थांबले. कारण हाच मुलगा दोन वर्षांचा व्हायच्या आत "शी केली" असं बिनचूक सांगायचा. मग आलेलं गेलं कुठे?

त्याचे शब्द मी एका शंभरपानी वहीत लिहून ठेवते. त्या आठवड्याच्या पानावर धरलं, भरलं, करलं असे शब्द एकाखाली एक होते. शिवाय खिडकीत मेलेली माशी बघून म्हणालेला, "माशी मरली." धर-धरलं, भर-भरलं, म्हणून कर-करलं! आमच्या घरात "करलं" कुणीच म्हणत नाही, मग ऐकलं म्हणावं तर कुणाकडून? "शी केली" हा त्याला अख्खाच मिळालेला तुकडा होता, त्यातला "कर" तेव्हा त्याला दिसलाच नव्हता. आता दिसला. मागे गेला असं वाटत होतं, तिथे तो पुढे आला होता.

मूल भाषा कसं शिकतं, हे सगळं एम. ए.ला परीक्षेपुरतं वाचलं होतं. १९५७ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी भाषा म्हणजे अनुकरण आणि शाबासकीतून लागलेली सवय असं मांडलं, १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींनी त्यावर कडाडून टीका केली. मधल्या वर्षी जीन बर्को यांनी लहान मुलांना "वग" नावाच्या काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवलं. एकाचे दोन वग झाले, तर जन्मात न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलांनी बरोबर केलं. तेव्हा ते नुसतं टिपण होतं. आता ते माझ्या ओसरीवर ठोकळे मांडून बसतं.

पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, "व्याकरण कच्चं आहे, घरी सुधारत जा." वाईट वाटलं. मग वाचलेलं आठवलं. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी अमेरिकेत ईव्ह, अ‍ॅडम आणि सारा या तीन मुलांचं बोलणं महिनोन्महिने टिपलं. ईव्ह आईबद्दल "तो मुलगी आहे" अशा धर्तीचं काहीतरी म्हणाली, तर आई म्हणाली, बरोबर! म्हणणं खरं होतं ना? आई-बाप बहुधा खरं-खोटं सुधारतात, व्याकरण नाही. तरी मुलं शिकतातच.

पण मूल नियमानंच बोलतं असं म्हणावं, तर त्याच दिवशी नील दारात चपला घालत म्हणाला, "मी जाते." मुलगा आहे, पण "मी जाते, मी खेळते, मी पडते." नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, घरात मी आणि सासूबाई, त्यामुळे "मी" म्हटलं की पुढे "ते" येतं, हेच त्याच्या कानावर. इथे तो ऐकलेलं जसंच्या तसं उचलतो. मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो यांनी स्वतःच्या मुलीची क्रियापदं अशीच वहीत टिपली होती आणि त्यांना दिसलं, की सुरुवातीला एकेक क्रियापद आपापल्या ठरलेल्या वाक्यांतच वावरतं, सगळ्यांना मिळून एक नियम नसतो. मला वाटतं, मूल दोन्ही करतं. हातात येईल ते उचलतं, आणि पुरेसं साठलं की आतून उसवून बघतं.

मे महिन्यात पंधरा दिवस माहेरी कोल्हापूरला होतो. माझी आई आमच्याकडच्या बायका बोलतात तशी "मी येतो गं", "मी जातो" म्हणते. परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी नील सासूबाईंना म्हणाला, "आजी, मी जातो हं." सासूबाई खूश, मुलगा मुलासारखा बोलायला लागला म्हणून. मला त्या "जातो"मधला लांबवलेला "तो" ओळखू आला. तो माझ्या आईचा होता.

"करलं" अजून आहे. मी म्हणते, "अरे वा, केलंस घर?" तो मान हलवतो, "हो, करलं," आणि आणखी एक ठोकळा ठेवतो. आजचं पान तेवढंच आहे.