बारा फुटी ॲल्युमिनियम बोट घेऊन उजनीला: आतली मांडणी कशी केली, काय कामाला आलं

फेब्रुवारीत पाणी बऱ्यापैकी असतं म्हणून दाजी आणि मी पिकअपमध्ये बोट टाकून पहाटेच सोलापूर सोडलं, टेंभुर्णी, जेऊर आणि तिथून चिखलठाणच्या बाजूला उजनी धरणाच्या बॅकवॉटरवर. बोटीचं आतलं काम एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेलं, ते पाण्यात कसं वागतं एवढंच बघायचं होतं, मासे मिळाले तर बोनस.

आधी डेकचं, म्हणजे बोटीत उभं राहायच्या फळीचं सांगतो कारण सगळे तिथंच फसतात. व्हिडिओ बघून लोक पुढं उंच डेक ठोकतात, पण ते रुंद बोटीला चालतं, आपल्या अरुंद बोटीत माणूस फूटभर वर उभा राहिला की नुसती डुलते. आमचा डेक बाकाच्या उंचीपेक्षा खालीच ठेवलाय, एक इंची ॲल्युमिनियम अँगलची चौकट आणि वर चेकर्ड शीट. दाजी उभं राहून गळ टाकत होते, काही टेन्शन नाही. प्लायच्या नादी लागू नका, १२ एमएमची आठ बाय चार शीट पंचवीस किलोच्या आसपास भरते, भिजली की अजून जड, आणि वाळवी लागू नये म्हणून केमिकल मारलेलं लाकूड असेल तर त्यात बऱ्याचदा तांबं असतं, ते ओलं राहिलं की ॲल्युमिनियम खातं. पितळी फिटिंगचंही तेच. नट-बोल्ट एसएसचे घ्या, खाली नायलॉनचा वॉशर टाका, आणि पाण्याच्या रेषेखाली एकही भोक पाडू देऊ नका, कारागीर कितीही म्हणू दे "सिलिकॉन मारतो की साहेब".

बाकाखालचा फोम काढून तिथं कप्पा करायचा मोह होतो. अजिबात नको. बोटीत पाणी भरलं तर तिला तरंगत ठेवणारा तोच आहे.

बॅटरी. ट्रोलिंग मोटर (बॅटरीवर चालणारी छोटी मोटर) मागं, ती चालवणारा मागं, त्यात बारा व्होल्टची शंभर एएचची लेड ॲसिड बॅटरीही मागंच ठेवली तर पंचवीस-तीस किलो अजून वाढतात आणि नाक वर होतं. आम्ही ती पुढच्या बाकाजवळ तळाला पट्ट्यानं आवळली, जाड केबल कडेनं मागं नेली, फ्यूज बॅटरीला लागूनच. जाताना बोट सपाट चालली, फरक लगेच कळतो.

लाइव्हवेल, म्हणजे मासे जिवंत ठेवायची पाण्याची टाकी, केला नाही. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, वर ते हिंदकळतं. छोटा आइसबॉक्स मधोमध ठेवला, चिलापी थेट बर्फात. बाकी सामानाला दोन प्लास्टिकचे क्रेट बंजीनं बांधलेले, रॉड कडेला पाइपच्या तुकड्यात आडवे, मधला तळ पूर्ण मोकळा. दाजींना मोठी कटला लागली तेव्हा दोघांना जागा बदलावी लागली, पायात काही नव्हतं म्हणून जमलं. तळाला फोमची मॅट टाका, नाहीतर पत्र्यावर साधा डबा ठेवला तरी मासे पळतील एवढा आवाज होतो. कार्पेट नको, पाणी धरतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र झाकणवाल्या ड्राय बॉक्समध्ये, त्यात तडजोड नाही.

जाणाऱ्यांसाठी: उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, की काठाला गुडघाभर गाळ असतो, बोट उचलून न्यावी लागते, म्हणून क्रेट आणि बॅटरी पटकन सुटतील असंच बांधा. पाणी उतरल्यावर बुडालेली झाडं, जुन्या भिंती वर येतात, हळू चालवा. मच्छीमारांच्या जाळ्यांचे फ्लोट दिसले की लांबून वळा, आणि काठावर त्यांनाच विचारा कुठं परवानगी लागते, कुठं वाट आहे, नीट सांगतात.

लाइफ जॅकेट कप्प्यात कोंबून ठेवू नका, अंगात घाला. २१ मे २०२४ ला याच भागात कुगाव-कळाशी दरम्यान वादळात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर दुपारच्या आत काठाला या, वळवाचा वारा बघता बघता उठतो.