प्रोस्टेटच्या तुकड्यातली गर्दी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगार मामांची प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, बायोप्सी माझ्या लॅबमध्ये आली. युरॉलॉजिस्टनी फॉर्मवर मोजकंच लिहिलं होतं: वय ६६, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) २४, म्हणजे बराच वाढलेला, बोटाने तपासल्यावर ग्रंथी कडक, कॅन्सरची दाट शंका. लघवीचा त्रास वयाचाच म्हणून आपल्याकडची माणसं तो वर्षानुवर्षं अंगावर काढतात, त्यामुळे मलाही वेगळं काही वाटलं नाही.

सुईने काढलेले बारा तुकडे होते. कमी पॉवरवर पाहिलं आणि पोटात गोळा आला. कित्येक तुकड्यांत ग्रंथींची रचना मोडलेली, तिच्या जागी फिकट, फेसाळ पेशींचे थरच्या थर. कॅन्सरच्या पेशी ग्रंथी न बनवता अशा पसरल्या, तर प्रोस्टेट कॅन्सर किती आक्रमक ते ठरवणाऱ्या ग्लीसन पद्धतीत त्यांना ५, म्हणजे सगळ्यात वाईट दर्जा मिळतो.

चाळीसची लेन्स लावली. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशीत केंद्रकाच्या आत सहसा एक ठळक ठिपका दिसतो. इथे तो नव्हता. केंद्रकं घेवड्याच्या दाण्यासारखी, एका बाजूने दुमडलेली. अधूनमधून अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी, आणि सभोवार लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल या रोगप्रतिकारक पेशींची दाटी. एका तुकड्यात फुटलेली नळी सापडली. तिच्यातला स्राव बाहेर झिरपला होता आणि ही सगळी गर्दी तिच्याभोवतीच जमली होती. फेसाळ पेशी मॅक्रोफेज असाव्यात, शरीराच्याच भक्षक पेशी.

मामांना बोलावून घेतलं. घरात ते तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठीत.

"मामा, महिन्या-दोन महिन्यांत ताप आला होता का?"

"आलता की ओ मॅडम. हुडहुडी भरून. लघवीला आग व्हायची. मेडिकलातून गोळ्या आणल्या, उतरला."

मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजी ही टीबीची लस देतात, त्यानेही प्रोस्टेटला अशी सूज येते. तसं काही झालं नव्हतं. मामा बाहेर गेल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "कॅन्सर पसरला असंल तर अंडकोष काढावे लागतील म्हणले डॉक्टर. पैशाचं बघू का आत्ता?"

"पेशी नक्की कुठल्या ते ओळखणाऱ्या मार्करचा रिपोर्ट येऊ द्या. डॉक्टरांशी मी बोलते," म्हटलं.

त्याच ट्रेमध्ये दुसऱ्या एका गृहस्थांच्या स्लाइड होत्या. लहान लहान ग्रंथी खेटून बसलेल्या, बाहेरचा बेसल पेशींचा थर नाहीसा, केंद्रकात तो ठळक ठिपका. कॅन्सरच. आणि तिथे लिम्फोसाइट शोधावे लागत होते! निरोगी प्रोस्टेटमध्येही टी लिम्फोसाइट ग्रंथींच्या अस्तरात तुरळक बसलेले असतात, मॅक्रोफेज आसपास असतात; साठीनंतर सुजेचे छोटे पुंजकेही सर्रास दिसतात. पण बऱ्याच प्रोस्टेट कॅन्सरमध्ये या पेशी आत फारशा शिरत नाहीत, म्हणून त्यांना 'कोल्ड' ट्यूमर म्हणतात. ज्या शोधांसाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, त्यांतून आलेल्या, रोगप्रतिकारक पेशींवरचा ब्रेक काढणाऱ्या औषधांनी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांचं आयुष्य बदललं. प्रोस्टेटच्या मात्र थोड्याच रुग्णांना ती लागू पडतात, मुख्यतः ज्यांच्या गाठीत डीएनए दुरुस्तीचा बिघाड असतो त्यांना. एका फुटक्या नळीसाठी एवढी फौज धावून येते आणि खऱ्या शत्रूपाशी कुणी फिरकत नाही, हे बघताना माझा जीव तुटतो. त्या गृहस्थांचा रिपोर्ट लिहिताना हात जड झाला होता.

मामांचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, मार्करसाठी पुण्याला पाठवले. सीडी६८ पॉझिटिव्ह, म्हणजे मॅक्रोफेजच. सायटोकेराटिन निगेटिव्ह, कॅन्सरच्या पेशी असत्या तर ते रंगलं असतं. टीबीनेही अशी सूज येते, आपल्याकडे त्याचा विचार टाळून चालत नाही. टीबीचे जंतू दाखवणारा स्टेन आमच्याकडेच केला, जंतू दिसले नाहीत. 'ग्रॅन्युलोमॅटस प्रोस्टॅटायटिस (प्रोस्टेटची एक प्रकारची सूज), कॅन्सर आढळला नाही' असा रिपोर्ट दिला आणि लगेच युरॉलॉजिस्टना फोन केला. ऑपरेशनचा विषय तिथेच संपला. लघवीच्या कल्चरप्रमाणे औषध सुरू झालं.

तीन महिन्यांनी मुलगा पीएसएचा कागद घेऊन मुद्दाम लॅबवर आला. आकडा ५ वर उतरला होता. युरॉलॉजिस्टनी तरी पाठ सोडलेली नाही, कारण अशा सुजेच्या सोबतीने कॅन्सरही असू शकतो; पीएसए पुन्हा करायचा आहे, गरज पडली तर एमआरआयही. मामा दोन्हीला तयार आहेत, पण सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा झाल्यावर.