डोरी, दोरी आणि मामा

पोर्तुगालमध्ये सुटी मिळते ती तिथल्या उन्हाळ्यात, त्यामुळे दरवर्षी मी नेमका मासेमारीबंदीत गोव्याला पोचतो. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस ट्रॉलर बंद. केरीच्या किनाऱ्यावर होड्या ताडपत्रीखाली, आणि मामा पडवीत जाळं विणत बसलेला. त्याला यंदा ईल्यावूची गोष्ट सांगितली.

ईल्यावू हे मी राहतो त्या आवेइरूच्या शेजारचं गाव. तिथलं दर्यावर्दी संग्रहालय 1937 सालचं. खाऱ्या पाण्यात जिवंत बाकल्याव (म्हणजे कॉड मासा) पोहताना दाखवणारी टाकी 2013 मध्ये आली. पोरांची गर्दी तिथेच. मी मात्र डोरीपाशी थांबलो. दोरी नव्हे, डोरी: एका माणसापुरती लाकडी होडी. आतल्या आडव्या फळ्या काढल्या की डेकवर एकात एक रचून ठेवायची, घरातल्या वाट्यांसारखी.

गावचे पुरुष सहा-सहा महिने न्यूफाउंडलंड, ग्रीनलंडकडे जात. पहाटे जहाजावरून डोऱ्या उतरवायच्या, एकेकाने वल्हवत दूर जायचं, शेकडो गळांची लांब दोरी सोडायची आणि होडी भरली की परतायचं. मग रात्रीपर्यंत मासे चिरून मिठात दाबायचे. धुकं उतरलं तर जहाजाच्या भोंग्याचा कानोसा घेत यायचं. हे 1974 पर्यंत चाललं! सलग काही वर्षं बाकल्यावला गेलेल्या तरुणाला सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळे. पोर्तुगालच्या वसाहतींच्या युद्धात आफ्रिकेत लढायला जाण्यापेक्षा अनेकांनी धुकं पत्करलं.

मामाचा हात थांबला. "एकटो? होडयेत एकटोच?"

त्याला ते पटेचना. त्याचा जन्म रापणीत गेला. रापण म्हणजे चाळीस-पन्नास माणसं दोन टोकांनी दोर ओढणार, मधेच कोणीतरी आरोळी देणार, जाळं वाळूवर आलं की वाटे पडणार. लहानपणी मी नुसता दोराला हात लावला, तरी पिशवीभर तारले घरी यायचे. डोरीवाल्याचं तसं नव्हे, ज्याचे मासे जास्त त्याला पैसे जास्त.

"मगे भांडण कोणाकडे करतले?" मामाने विचारलं. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला भिडले तेव्हा रापणकार मोर्चे काढत होते, त्यातला तो. तो लढा उभा राहिला म्हणून 1980 चा सागरी मासेमारी कायदा आला, हे तो अजून प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. मलाही ऐकवलं, पुन्हा.

येताना मी किलोभर सुका बाकल्याव आणला होता. मामीने दीड दिवस पाणी बदलत भिजवला आणि कांदा-बटाट्यात परतला. मामाने एक तुकडा चघळला, काटा बाजूला काढला, मग शेजारच्या वाडग्यातला खारा बांगडा स्वतःकडे ओढला.

"हेच्यासाठी सहा म्हयने?"