लॅक्टोजपाशी अडलेली गोळी (माझा अनुभव)

रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलीग्रॅमची गोळी करायची होती, एकूण वजन २०० मिलीग्रॅम. औषध ज्या बेसिलेट क्षाराच्या रूपात घालतात, त्याचं वजन धरूनही भरतं जेमतेम ७ मिलीग्रॅम. बाकी जवळपास सगळा फिलरच, म्हणजे गोळीला आकार आणि वजन देणारी भर. तरीही फिलर म्हटलं की ‘काहीही घाला’ असं लोक का म्हणतात, हे मला अजून कळलेलं नाही.

खरेदी विभागाचा हट्ट लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा. स्वस्त, स्टोअरमध्ये शिल्लक आणि दाबायला सोपं. मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं की या औषधात प्राथमिक अमाइन गट आहे आणि लॅक्टोज ही रिड्युसिंग शर्करा आहे; दोन्ही एकत्र आली की मेलार्ड अभिक्रिया होते, गोळी तपकिरी पडते आणि औषध घटतं. उत्तर एकच: ‘डेटा दाखवा.’ लॅक्टोजचीच बॅच ४० अंश सेल्सिअस, ७५ टक्के आर्द्रतेच्या, गोळी किती टिकते ते तपासायच्या चेंबरमध्ये गेली आणि फाइल तिथेच अडकली. दर आठवड्याला विचारावं, तर ‘रिपोर्ट येऊ द्या’. जे रसायनशास्त्र पाठ्यपुस्तकात छापलेलं आहे, त्यासाठी आख्खं वेळापत्रक थांबलं याचा राग आजही आहे.

शेवटी मी वाट बघणं सोडलं. औषध आणि एकेक फिलर समप्रमाणात मिसळून छोट्या बाटल्यांत भरलं, थोडं पाणी घातलं आणि बाटल्या ५० अंशांवर ठेवल्या. काहींत मॅग्नेशियम स्टिअरेट (गोळी यंत्राला चिकटू नये म्हणून घालायचं वंगण) हेही घातलं, कारण त्याच्या अल्कधर्मी स्वभावाने ही अभिक्रिया वेग धरते. लॅक्टोजची पूड आधी पिवळसर, मग चहाच्या डागासारखी झाली. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) आणि एमसीसी (मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज) या दुसऱ्या दोन फिलरच्या बाटल्या पांढऱ्याच. पांढऱ्या कागदावर तिन्ही ओळीने मांडल्या आणि त्याच बैठकीत लॅक्टोज बाद झालं. मला मनापासून अभिमान वाटला. तुम्हीही ही चाचणी अगदी सुरुवातीलाच करा, मंजुरीची वाट बघू नका.

पुढचं भराभर झालं. निर्जल डीसीपी आणि एमसीसी एकत्र घेतलं: डीसीपी दाबाखाली फुटतं, एमसीसी दबून चिकटतं, त्यामुळे गोळी नीट बांधली जाते. एमसीसीचा १०२ ग्रेड घ्या. १०१ बारीक असतो, हॉपरमधून (यंत्रात पूड सोडणाऱ्या नरसाळ्यातून) अडखळत उतरतो आणि गोळ्यांचं वजन हलतं.

हो, एक राहिलंच. इतकं कमी औषध एकदम ब्लेंडरमध्ये ओतू नका. आधी तेवढ्याच फिलरमध्ये, मग दुप्पट फिलरमध्ये, असं टप्प्याटप्प्याने मिसळा. स्टिअरेट सगळ्यात शेवटी, मोजकी मिनिटं. जास्त फिरवलंत तर एमसीसीची गोळी मऊ पडते. आणि टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकासाठी हेच मिश्रण उचलू नका, तिथे डीसीपीतलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं.