"उद्या बसल्यावर नेमकं काय लिहिणार?"

पीएचडीचा प्रबंध लिहायला घेतला तेव्हा साहित्य भरपूर जमलं होतं. विषय होता, निबंधावर शिक्षकांनी लिहिलेल्या शेऱ्यांचं विद्यार्थी पुढे काय करतात. मुलाखती उतरवून झाल्या होत्या, वाचनाच्या टिपणांनी फायली भरल्या होत्या. लिखाण तेवढं हलत नव्हतं.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकदा विचारलं, "उद्या बसल्यावर काय करणार?"

"तिसरं प्रकरण लिहायला घेते."

"प्रकरण एका बैठकीत होत नसतं गं. त्यातलं नेमकं काय?"

त्या दिवसापासून मी वही घातली. बसण्याआधी एक ओळ आणि उठताना दोन, एवढंच. त्यातली ही एक नोंद: "आज: 'शेरा वाचला, पण आता करायचं काय ते कळलं नाही' हा मुद्दा एका परिच्छेदात मांडणे. झालं: परिच्छेद झाला, उदाहरण लंगडं आहे. उद्या: दुसऱ्या मुलाखतीतलं उदाहरण घालून बघणे." 'उद्या'ची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. सकाळी कुठून सुरुवात करायची, यात वेळ जाणं तिने थांबवलं.

स्वनियमनावर, म्हणजे आपलं शिकणं आपणच आखून, तपासून पुढे नेण्यावर, मी आधी वाचलं होतं, पण ते हाताला लागलं या वहीमुळे. शिक्षणमानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी त्याचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधीची आखणी, काम चालू असताना स्वतःवर लक्ष आणि नंतरचं परीक्षण. परीक्षणातून जे निघतं ते पुढच्या आखणीत जातं. झिमरमन आणि अनास्तासिया कित्सांतास यांच्या 1999 मधल्या प्रयोगात शाळकरी मुली वाक्यं सुधारून लिहायला शिकत होत्या. आधी पद्धतीवर लक्ष ठेवून, ती अंगवळणी पडल्यावर निकालाकडे वळलेल्या मुली सरस ठरल्या. स्वतःच्या कामाची नोंद ठेवण्याचाही फायदा दिसला. म्हणून शब्दसंख्येचं लक्ष्य मी बरंच उशिरा ठेवलं.

खरा कस लागला तो पुनर्लेखनात. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात मी एकच प्रश्न लिहायचे: हा परिच्छेद काय म्हणतो? उत्तर एका वाक्यात आलं नाही, तर परिच्छेद फोडायचा. दोन समासांत तेच उत्तर आलं, तर एक काढायचा. असं करताना चौथ्या प्रकरणातला एक मोठा भाग मागे दुसऱ्यात गेला आणि दुसऱ्याची प्रस्तावना नव्याने लिहावी लागली. लेखनप्रक्रियेचा अभ्यास करणाऱ्या लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी 1981 मध्येच मांडलं होतं की आखणी, लेखन आणि सुधारणा एकामागून एक येत नाहीत, लिहिणारा त्यांत सतत ये-जा करतो. हे आधी ठाऊक असल्यामुळे मागे वळताना धीर सुटला नाही.

"हुशार आहे, पण बसत नाही" हा शेरा आपण विद्यार्थ्यांवर फार सहज मारतो, आणि ते मला मनापासून अन्यायाचं वाटतं. बसल्यावर काम कसं बेतायचं आणि आपलंच लिखाण कसं तपासायचं, हे शिकवता येतं. मला ते शिकवलं गेलं.

बाई सुरुवातीला वही दर आठवड्याला बघत, मग महिन्याने बघू लागल्या. शेवटच्या प्रकरणाच्या वेळी त्यांनी ती मागितलीच नाही. खर्डा देताना मी सोबत माझं टिपण जोडलं: कुठला युक्तिवाद कच्चा आहे, कुठे पुरावा कमी पडतो. ते मुद्दे बाईंनी माझ्यावरच सोपवले आणि मला न दिसलेल्या दोन जागांवर आम्ही तासभर बोललो.