येरवडा: कारागृह की मुक्तांगण?

अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा १९८५ साली आला. पुढच्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढणाऱ्या मुलाचे काय करायचे, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे, कारागृह आणि व्यसनमुक्ती केंद्र, अशी एकाच येरवड्यात उभी आहेत. मी दुसऱ्या उत्तराच्या बाजूचा आहे; मात्र त्यासाठी सगळा कायदाच नव्याने लिहावा लागेल, हे मला पटत नाही.

कारण उपचारांची वाट याच कायद्यात आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारी वा सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेतले, तर कलम ६४-अ प्रमाणे त्या आरोपाखाली तिच्यावर खटला चालत नाही. अडचण अशी की, हे संरक्षण मिळवायला आधी आरोपी व्हावे लागते, आणि तोवर घरचे लोक आणि वकील जामिनाच्या मागे लागलेले असतात. शिवाय उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येते. व्यसन सुटता सुटता पुन्हा लागणे हा या आजाराचाच भाग आहे, हे डॉक्टरांना ठाऊक असते, कायद्याला नाही. तर्काचेही थोडे वावडेच दिसते, कारण गांजा ओढल्याबद्दल जास्तीत जास्त ६ महिने कैद होते आणि तोच थोडासा खिशात सापडला तर १ वर्षापर्यंत. म्हणजे ओढून संपवलेला बरा!

कोठडीत काय होते, ते पाहण्यासारखे आहे. गर्द अचानक तुटली की टर्की लागते: अंग ठणकते, पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात, रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. औषधांनी हे बरेच सुसह्य करता येते. त्यातून कोठडीतला व्यसनी कसाबसा निभावला, तरी खरा धोका सुटकेनंतर असतो. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि बाहेर येऊन त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर ती जीवघेणी ठरू शकते.

पोर्तुगालने २००१ पासून सुमारे १० दिवस पुरेल इतका पदार्थ स्वतःसाठी बाळगणे हा फौजदारी गुन्हा मानणे थांबवले. पोलीस पदार्थ जप्त करतात आणि त्या व्यक्तीला न्यायालयाऐवजी कायदा, आरोग्य व समाजकार्य यांतील जाणकारांच्या त्रिसदस्यीय आयोगापुढे पाठवतात. विक्री तिथेही गुन्हाच आहे. आपल्याकडे या अनुभवाचा दाखला देताना, त्याच्या जोडीने उपचारांवर आणि प्रतिबंधावर झालेला खर्च सोयीस्करपणे गाळला जातो.

आपल्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ साली वैयक्तिक सेवनासाठी बाळगलेल्या अल्प प्रमाणाला गुन्ह्यातून वगळण्याची सूचना केली होती, अशा बातम्या होत्या. व्यसनमुक्तीचे काम या मंत्रालयाकडे आणि कायदा अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे, अशी ही विभागणी आहे. तो निर्णय होईल तेव्हा होवो. तोपर्यंत निदान अटकेनंतरच्या पहिल्याच हजेरीत न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपीला आणि त्याच्या घरच्यांना ६४-अ समजावून सांगणे सक्तीचे करावे आणि जवळच्या मान्यताप्राप्त केंद्राचा पत्ता त्यांच्या हातात द्यावा.